बांधकामातले पदवीधर साइटवर का टिकत नाहीत

बांधकामात पदवीधर मिळत नाहीत ही तक्रार आता बहुतेक देशांतून ऐकू येते. छोटे कंत्राटदार म्हणतात, जाहिरात दिली तरी अर्ज येत नाहीत. मोठ्या कंपन्या म्हणतात, अर्ज येतात, पण घेतलेली मुलं दोन-तीन वर्षांत सोडून जातात. यावर जो तो महाविद्यालयांकडे बोट दाखवतो: जागा वाढवा, नवे अभ्यासक्रम काढा, शिष्यवृत्त्या द्या. माझ्या मते हा उपाय चुकीच्या ठिकाणी चालला आहे. माणसं गळतात ती पदवी हातात पडल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत, आणि गळतात साइटवर. तिथली गळती तशीच ठेवून प्रवेश दुप्पट केले, तर दुप्पट मुलं बाहेर पडतील, एवढंच होईल.

जागा वाढवण्यात आणखी एक अडचण वेळेची आहे. पदवीला चार वर्षं लागतात आणि बांधकामातली तेजी कुणासाठी चार वर्षं थांबत नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७०च्या दशकात नव्या अभियंत्यांचे पगार आणि प्रवेश यांचा संबंध तपासला, तेव्हा त्यांना एक चक्र दिसलं. पगार चढले की प्रवेश वाढतात, चार वर्षांनी पदवीधरांचा एकदम लोंढा येतो, पगार उतरतात, प्रवेश आटतात आणि आणखी काही वर्षांनी पुन्हा टंचाई. बांधकामात हे चक्र जास्तच जोरानं फिरतं, कारण मंदी आली की सर्वांत आधी थांबतात ती बांधकामं. अमेरिकेत २००६ ते २०११ या काळात बांधकामातल्या वीस लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. ते पाहून ज्या मुलांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवली, ती आज पस्तिशीतले प्रोजेक्ट मॅनेजर झाली असती. ती फळी नव्या जागांनी भरून निघत नाही. पंधरा वर्षांचा अनुभव कुठल्याही वर्गात चार वर्षांत तयार होत नाही.

शिवाय टंचाई नेमकी कसली आहे, हेही नीट बोललं जात नाही. बीमचा बेंडिंग मोमेंट (भारामुळे बीमला वाकवणाऱ्या जोराचं माप) काढणारी मुलं पुष्कळ आहेत. कमी आहेत ती नकाशावरून मालाचं परिमाण काढणारी, कामाचा क्रम लावणारी, चाललेल्या कामातली चूक वेळेत ओळखणारी आणि ती थांबवून कागदावर नोंदवणारी. एका स्लॅबच्या दिवसाचं उदाहरण घेऊ.

समजा २०० चौरस मीटरचा, १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. बीम सोडून काँक्रीट झालं ३० घनमीटर. सहा घनमीटरची एक गाडी धरली तर पाच गाड्या, आणि सांडलवंड धरून थोडं जास्त. इथपर्यंतचा हिशेब कुणीही करेल. खरे प्रश्न पुढे सुरू होतात. पंप किती वेगानं ओततो? पसरणारे किती, काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर धरणारे किती, आणि त्यावरून दोन गाड्यांत किती मिनिटांचं अंतर ठेवायचं? अंतर कमी ठेवलं तर गाड्या रांगेत उभ्या राहतात आणि आतलं काँक्रीट घट्ट होऊ लागतं. जास्त ठेवलं तर आधी टाकलेला थर आवळतो, नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही आणि पुढे पाणी गळायला लागतं ते नेमकं त्याच सांध्यातून. जादा व्हायब्रेटर हाताशी आहे का? एकच असला आणि तो मध्येच बंद पडला, तर बीमच्या तळाशी, सळ्यांच्या दाटीत पोकळ्या राहतात. शटरिंग (काँक्रीटचा साचा) उतरेपर्यंत त्या कुणाला दिसत नाहीत.

आता तिसरी गाडी उशिरा येते. काँक्रीट घट्ट झालेलं असतं, पंपवाला म्हणतो पाणी घाला. एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी असं मिश्रण असेल तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० असतं. घनमीटरमागे २० लिटर पाणी वाढवलं, म्हणजे अख्ख्या गाडीत १२० लिटर, तर ते ०.५६ च्या आसपास जातं आणि ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरते. डफ अब्राम्स यांनी हा संबंध १९१८ मध्ये मांडला. तो प्रत्येक अभ्यासक्रमात आहे आणि प्रत्येक मुलानं तो परीक्षेत लिहिलेला आहे. पण गाडीपाशी उभं राहून ‘पाणी घालायचं नाही, प्लांटला फोन लावा, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) वाढवून चालेल का ते त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर गाडी परत पाठवा’ असं म्हणणं हा निराळाच अभ्यास आहे. ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या क्यूबचा सात दिवसांचा निकाल येतो तेव्हा वरच्या मजल्याच्या कॉलमची सळई उभी राहिलेली असते, आणि अठ्ठावीस दिवसांचा येईपर्यंत कदाचित आणखी एक स्लॅब पडलेला असतो. चूक अडवायला मिळते ती गाडी पंपापाशी उभी असते तेवढीच वेळ.

कव्हरचंही, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचंही, तसंच. सळईला ४० मिलिमीटर कव्हर हवं तिथे ब्लॉक सरकून २० राहिलं, तर नुकसान निम्मं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात शिरतो. म्हणजे कव्हर निम्मं झालं की सळईपर्यंत पोहोचायला त्याला एक चतुर्थांशच काळ लागतो. ऐंशी वर्षं निर्धास्त असायला हवं ते काम विसाव्या वर्षी गंजू लागतं. कव्हर ब्लॉकचा खर्च नगण्य असतो. लागतो तो स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक बीममध्ये डोकावणारा माणूस. टंचाई आहे ती या माणसाची.

आणि असा माणूस साइटवर असूनही भागत नाही, त्याच्या शब्दाला अधिकार लागतो. कॅनडातल्या क्यूबेक पुलाची हकीकत या बाबतीत प्रत्येक व्यवस्थापकानं वाचावी अशी आहे. पुलाचा मधला गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता, नंतर तो १,८०० फूट केला, पण वाढलेल्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेत पुन्हा केला गेला नाही. सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये बसत. साइटवर त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्लूर, १९०४ मध्ये प्रिन्स्टनहून पदवी घेतलेला तरुण अभियंता. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यानं खालच्या दाबाखालच्या तुळयांचा वाक मोजला. एका तुळईचा वाक काही दिवसांतच सुमारे १९ मिलिमीटरवरून ५७ वर गेला होता. त्यानं कळवलं, पत्रं लिहिली, शेवटी स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला कूपर यांनी आणखी वजन चढवू नये अशी तार केली, पण ती गेली पोलाद बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच संध्याकाळी पूल कोसळला आणि ८६ पैकी ७५ कामगार मेले. चौकशी आयोगानं पुढे म्हटलं की मुख्य अभियंत्याच्या पदावर पुलांचा अनुभव असलेला माणूस नेमला नाही ही चूक होती आणि त्यामुळे सगळीच देखरेख ढिली राहिली.

तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या मुलानं बरोबर मोजलं होतं, बरोबर ओळखलं होतं. त्याला शिट्टी वाजवून काम थांबवता येत नव्हतं. आजही असंख्य साइट्सवर नव्या अभियंत्याची स्थिती हीच असते. चेकलिस्टवर सही त्याची, काँक्रीट थांबवायचा अधिकार मात्र दुसऱ्याच कुणाचा, आणि तो दुसरा माणूस त्या क्षणी फोनवरही सापडत नाही. मुलं का सोडून जातात याची कारणमीमांसा करताना आपण पगार, ऊन, धूळ, लांबचं गाव असं सगळं मोजतो. ते सगळं खरंच आहे. पण आपल्या सहीखाली चुकीचं काम होताना पाहावं लागणं ही या साऱ्यांहून जास्त खचवणारी गोष्ट आहे, आणि ती बदलायला पैसे लागत नाहीत. काही मोजक्या बाबींत कनिष्ठ अभियंत्यानं ‘थांबा’ म्हटलं की काम थांबलंच पाहिजे आणि ते पुन्हा सुरू करायचा निर्णय वरिष्ठानं लेखी द्यावा, असा नियम करता येतो. टेकूंची बैठक, सळईचं कव्हर, खोदाईच्या कडा, उंचावरच्या कामाची सुरक्षा आणि गाडीत पाणी घालणं, एवढ्या पाच बाबींपासून सुरुवात पुरेशी आहे.

पहिल्या वर्षी पदवीधराला बहुतेक ठिकाणी काय काम मिळतं तेही पाहा. सळईच्या गाड्या मोजणं, गेटपास काढणं, मजुरांची हजेरी लिहिणं, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून रोजचा अहवाल जुळवणं. यातलं प्रत्येक काम एकदा शिकण्यासारखं आहे, पण वर्षभर तेवढंच करण्यासारखं एकही नाही. त्याचा वरिष्ठ तीन साइट सांभाळत असतो, त्यामुळे शिकवणारं कुणी नसतं. मुकादम चांगला असला तर तोच खरा गुरू होतो. पण मुकादमाला मुलाला शिकवण्याचा मोबदला कुणी देत नाही आणि त्याच्यावर स्वतःच्या टोळीच्या मापाचा ताण असतो. आठवड्याचे सहा दिवस, रोजचे दहा-बारा तास, आणि प्रकल्प संपला की बिऱ्हाड पाठीवर. मुलींच्या बाबतीत तर कित्येक साइटवर धड स्वच्छतागृह नसतं, त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज आणि हार्नेस नसतात. टंचाईची ओरड करणाऱ्या क्षेत्रानं निम्म्या उमेदवारांना परत पाठवण्याची अशी व्यवस्था करून ठेवावी, हे मला अक्षम्य वाटतं.

यावर कंपन्यांनी करायचं काम अवघड नाही, फक्त आखून करायला हवं. पहिले ३६ महिने पदवीधर कुठे असेल हे नेमणूकपत्रातच लिहावं. पहिले बारा महिने साइट: लेव्हल आणि टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं स्वतःच्या हातानं, लाइनआउट (जागेवरची आखणी), सळई तपासणी, किमान काही स्लॅब सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पुढचे सहा महिने क्वांटिटी आणि बिलिंग, कारण ज्यानं स्लॅब टाकताना पाहिला आहे त्यालाच माप पुस्तकातली चूक पटकन दिसते. नंतर सहा महिने नियोजन. मग सहा महिने तात्पुरत्या आधारांचं (टेकू, शटरिंग यांचं) काम आणि गुणवत्ता. उरलेले सहा त्याच्या कलानुसार. या क्रमाला कारण आहे. नियोजनापासून सुरुवात करणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रकाच्या पट्ट्या ओढता येतात, पण ‘कॉलमचं शटरिंग उद्या उतरेल, मग तेच पत्रे परवा पलीकडे लावू’ ही साखळी त्याच्या डोक्यात नसते. तो दोन्हीकडे एकाच वेळी काम दाखवतो, आणि पत्रे एकच संच असतात.

तात्पुरत्या आधारांना मी मुद्दाम वेगळं स्थान दिलं आहे. या विषयाला बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत अगदी थोडी जागा मिळते आणि बांधकाम चालू असतानाच्या पडझडींत याचा वाटा मोठा असतो. हिशेब साधा आहे. ओल्या काँक्रीटचं वजन सळईसह घनमीटरला सुमारे २५ किलोन्यूटन. १५० मिलिमीटर स्लॅबचा एक चौरस मीटर म्हणजे ३.७५ किलोन्यूटन, साधारण पावणेचारशे किलो. त्यावर फॉर्मवर्क, माणसं, पंपाच्या नळीचे हिसके आणि एका जागी साचलेला ढीग. टेकूची उंची दुप्पट झाली आणि मधली आडवी बांधणी विसरली, तर लवचून कोसळण्याच्या दृष्टीनं त्याची ताकद एक चतुर्थांशावर येते. म्हणून नेहमीच्या मजल्यावर वर्षानुवर्षं चाललेली पद्धत दुप्पट उंचीच्या प्रवेशदालनात नेली की घात होतो. तीन मीटर उंचीचा कॉलम एका दमात भरला तर तळाच्या शटरिंगवर चौरस मीटरला ७५ किलोन्यूटनपर्यंत दाब येऊ शकतो. हे ज्याला येतं अशा माणसाला कुठेही काम आहे.

महाविद्यालयांचा दोषही कमी नाही. या शिक्षणाची मुळं साइटच्या अंगणातली आहेत, हे आपण विसरलो. रुरकीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ मध्ये निघालं ते गंगा कालव्याच्या कामाला शिकलेली माणसं हवी होती म्हणून, आणि कालवा तिथूनच जात होता. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये मुलांना आलटूनपालटून एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात अशी पद्धत सुरू केली. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ पासून अभियांत्रिकीचं शिक्षण याच पायावर देत आलं आहे. म्हणजे काम करता करता पदवी ही कल्पना नवी नाही, तिची शंभर वर्षांहून जास्त काळ परीक्षा झालेली आहे. तरी बहुतेक ठिकाणी ‘इंटर्नशिप’ म्हणजे सहा-आठ आठवडे, तेही सुट्टीत, आणि शेवटी शिक्क्याचं प्रमाणपत्र.

सहा-आठ आठवड्यांत एक मजलासुद्धा पायापासून स्लॅबपर्यंत पाहून होत नाही. सहा महिन्यांचे दोन टप्पे हवेत. पहिला दुसऱ्या वर्षानंतर, ज्यात मुलानं फक्त मोजावं आणि तपासावं. दुसरा शेवटच्या वर्षात, ज्यात तो क्रम लावेल आणि बिल करेल. परीक्षाही बदलायला हवी. मुलाच्या हातात खऱ्या इमारतीचे सहा-सात नकाशे द्यावेत आणि सळईचं बीबीएस (प्रत्येक सळईची लांबी, वाक आणि संख्या यांची यादी) करायला सांगावं. १२ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ०.८९ किलो हे पाठांतर झालं. स्टार्टर (पुढच्या कॉलमसाठी वर सोडलेल्या सळ्या) कुठे, लॅप (दोन सळ्यांचा एकमेकींवरचा जोड) कुठे, कॉलमच्या सांध्यात बीमची सळई खरोखर आत जाते का, हे नकाशातून शोधता येणं ही परीक्षा. त्या नकाशांत मुद्दाम दोन विसंगती ठेवाव्यात, वास्तुरचनाकाराच्या नकाशात खिडकी आणि स्ट्रक्चरच्या नकाशात तिथेच कॉलम अशा. ज्याला त्या सापडतील आणि ज्याला त्याबद्दल चार ओळींचं नेमकं पत्र लिहिता येईल, तो उत्तीर्ण. असं पत्र लिहिणं किती महत्त्वाचं आहे ते कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलनं दाखवलं. हॉटेलच्या दालनातल्या, एकाखाली एक टांगलेल्या दोन पादचारी पुलांना एकच अखंड सळई धरणार होती. सोयीसाठी तिच्या जागी दोन वेगळ्या सळ्या केल्या आणि वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. हा बदल असलेले नकाशे नव्यानं हिशेब न करता मंजूर झाले. १७ जुलै १९८१ ला पूल कोसळून ११४ माणसं मेली. ‘हा बदल केल्यावर भार कुणी पुन्हा काढला?’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारणारा माणूस तिथे हवा होता.

पदवी निवडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझं सांगणं थोडं वेगळं आहे. स्वतःच्या सहीनं स्ट्रक्चर डिझाइन करायचं असेल तर स्थापत्य अभियांत्रिकीच घ्या, कारण बहुतेक देशांत डिझाइनवर सही करण्याचा परवाना अभियांत्रिकीच्या पदवीला जोडलेला असतो. काम उभं करायचं, माणसं आणि वेळ सांभाळायची असेल तर बांधकाम व्यवस्थापनाची पदवी जास्त कामाची. पैसा आणि करार यांत रस असेल तर क्वांटिटी सर्व्हेइंग. ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ देणाऱ्या नव्या चकचकीत नावांच्या पदव्यांपासून सावध राहा. परदेशात काम करायची इच्छा असेल तर मान्यता नीट तपासा. १९८९ चा वॉशिंग्टन करार हा सदस्य देशांतल्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या परस्परांना समकक्ष मानतो, आणि भारत त्यात २०१४ पासून आहे. पण तो लागू होतो ठरावीक मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना, विद्यापीठाच्या सगळ्याच पदव्यांना नव्हे, आणि तो परवाना देत नाही, फक्त शिक्षणाची पातळी मान्य करतो. बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्या त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची मान्यता निराळ्या व्यावसायिक संस्था देतात, उदाहरणार्थ ब्रिटनमधली चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग किंवा अमेरिकेतली अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन. प्रवेशाआधी महाविद्यालयाला दोन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी साइटवर पाच वर्षं काढली आहेत, आणि साइटवरचा काळ पदवीच्या गुणांत किती धरला जातो.

पुढे कुठल्या वाटेला मागणी जास्त? माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित वाट करारांची आहे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पांत फिडिकची, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, नमुना कंत्राटं सर्रास वापरली जातात. त्यांच्या १९९९ च्या रेड बुकनुसार, उशीर किंवा जादा खर्चाचं कारण कळल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदारानं नोटीस दिली नाही, तर वाढीव मुदतीचा आणि पैशाचा हक्क जातो. नकाशा उशिरा आला, काम अडलं, साइटवरच्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि नोटीस एकोणतिसाव्या दिवशी गेली, की मेहनतीनं कमावलेला सगळा नफा एका कागदापायी बुडू शकतो. ज्याला साइटवर काय घडतंय हे कळतं आणि कुठल्या कलमाखाली आज संध्याकाळपर्यंत पत्र जायला हवं हेही कळतं, असा माणूस फार थोड्या कंपन्यांकडे असतो. नियोजनाचंही तसंच. क्रिटिकल पाथची, म्हणजे कुठली कामं लांबली की सगळा प्रकल्प लांबतो ते शोधण्याची, पद्धत १९५७ मध्ये ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड यांच्या कामातून आली. सॉफ्टवेअर आता कुणाच्याही हाताशी आहे, पण कुठल्या कामाला किती सवड आहे हे खरं मांडणारे नियोजक आजही विरळ. बहुतेक वेळापत्रकं मालकाला दाखवण्यासाठी केलेली असतात, काम चालवण्यासाठी नसतात. वीज, पाणी, वातानुकूलन, अग्निशमन यांच्या नळ्या-वाहिन्यांचा स्लॅबखालच्या अर्ध्या मीटरात मेळ घालणारा समन्वयक ही तिसरी वाट, आणि मोठ्या इमारतींच्या कामात हाच माणूस महिने वाचवतो किंवा घालवतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की तंत्रज्ञान ही टंचाई भरून काढेल. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या अहवालानुसार, आधीच्या वीस वर्षांत जगभरच्या बांधकामात श्रमाची उत्पादकता वर्षाला सरासरी एक टक्का वाढली, तर एकूण अर्थव्यवस्थेत २.८ टक्के. संगणक, थ्रीडी मॉडेल, ड्रोन सगळं त्याच काळात आलं. मॉडेलमध्ये नळी आणि बीम एकमेकांत घुसले की लाल खूण दिसते, पण बीमला भोक पाडायचं की नळी वळवायची हे ठरवायला माणूस लागतो, आणि त्याला बीमच्या कुठल्या भागात भोक चालतं ते माहीत असावं लागतं. कारखान्यात भाग बनवून जोडण्याच्या पद्धतीत तर शिकलेल्या माणसांची गरज वाढते; तिथे पाच मिलिमीटरची चूक साइटवर घासून मिटवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पदवी हवीच कशाला, अनुभवी मुकादम आणि डिप्लोमावाले काम उत्तम करतात की. करतातच. त्यांच्याशिवाय एक मजला चढणार नाही. म्हणूनच पदवीधराचं शिक्षण त्यांच्या हाताखाली सुरू व्हावं, आणि अनुभवी माणसाला अर्धवेळ पदवीची वाट खुली असावी, त्याच्या साइटवरच्या वर्षांचे गुण धरून. पण नेहमीच्या कामापेक्षा वेगळं काही आलं, दुप्पट उंची, नवं मिश्रण, बदललेला जोड, की अनुभव फसवतो. तेव्हा पहिल्या तत्त्वांपासून हिशेब मांडणारं कुणी जवळ लागतं.

मग अडतं कुठे? पैशाच्या रचनेत. कंत्राटदाराचा नफा पुष्कळदा उलाढालीच्या अवघ्या दोन-तीन टक्क्यांचा असतो आणि काम मिळतं सर्वांत कमी दर देणाऱ्याला. मुलांना तीन वर्षं शिकवणारी कंपनी तो खर्च दरात धरते, न शिकवणारी धरत नाही, आणि निविदा दुसरी जिंकते. वर शिकून तयार झालेला माणूस तीच कंपनी थोडा जास्त पगार देऊन उचलते. अशा व्यवस्थेत शिकवणं हा शिकवणाऱ्याचाच तोटा ठरतो. याला कंत्राटदाराच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, काम देणाऱ्यानं ते निविदेत घालावं लागेल. सर्वांत मोठं काम देणारं बहुधा सरकारच असतं, म्हणून सुरुवात तिथून व्हावी.

पद्धत अशी असावी. निविदेतल्या परिमाणपत्रकात (कामाच्या बाबी, परिमाणं आणि दर यांच्या यादीत) ‘प्रशिक्षणार्थी पदवीधर, प्रति महिना’ अशी वेगळी बाब असावी आणि तिचा दर व परिमाण काम देणाऱ्यानंच छापून द्यावं, म्हणजे त्यावर कुणाला दर पाडता येणार नाही. ३६ महिन्यांच्या कामात सहा प्रशिक्षणार्थी धरले तर परिमाण २१६ महिने. प्रत्येक चौघांमागे एक नावानिशी नेमलेला वरिष्ठ, ज्याची अन्य जबाबदारी तेवढी कमी केलेली असेल. दर महिन्याच्या बिलाला त्यांच्या नोंदवह्या जोडाव्यात: कोणती तपासणी केली, काय सापडलं, काय थांबवलं. काम देणाऱ्याच्या अभियंत्यानं दर तीन महिन्यांनी त्यातली एक नोंद निवडून, त्या मुलाला त्याच जागी उभं करून, ती समजावून मागावी. नोंद खोटी निघाली तर त्या महिन्याचं माप शून्य. मूल सोडून गेलं तर त्याच्या जागी दुसरं येईपर्यंत पैसे नाहीत. आणि बाबीची एक चतुर्थांश रक्कम राखून ठेवावी, ती प्रशिक्षणार्थ्याचे ३६ महिने पूर्ण झाल्यावर द्यावी, मग ते महिने त्यानं एकाच कंपनीत काढलेले असोत किंवा दोन कंपन्यांत. दोन असल्यास रक्कम महिन्यांच्या प्रमाणात दोघींना मिळावी, म्हणजे आधी शिकवणारी कंपनी रिकाम्या हातानं राहणार नाही.